एजंट म्हणतो, इंडियातलं वर्ष दाखवू नकोस. काय करू?

प्रश्न: ताई, मी कॅलिफोर्नियात एका कम्युनिटी कॉलेजला आहे, एफ वन या विद्यार्थी व्हिसावर. दुसरी सेम चालू आहे, कॉम्प्युटर सायन्स करायचंय. दोन वर्षं इथे काढून थर्ड इयरला यूसीमध्ये (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) ट्रान्सफर घ्यायचा प्लॅन आहे, बर्कली किंवा यूसीएलए. प्रॉब्लेम असा आहे की इथे यायच्या आधी मी इंडियात इंजिनीअरिंगचं फर्स्ट इयर केलंय, मेकॅनिकलला. एम वन, एम टू (गणिताचे पेपर) दोन्हीत केटी लागली, ग्राफिक्स पण राहिलं, मग सोडून दिलं. इथल्या कॉलेजचा फॉर्म एजंटने भरला, त्यात ते वर्ष टाकलंच नाही, बारावीनंतर गॅप दाखवली. आता तो म्हणतो की यूसीच्या फॉर्मवर पण टाकू नकोस, तिकडचं कोण बघायला जातंय. पहिल्या सेमला माझा जीपीए ३.७ आला, कॅल्क वनला (कॅल्क्युलस) ए आहे. पण आता कॅल्क टू जड जातंय, ड्रॉप करावंसं वाटतंय. बाबा म्हणतात फक्त बर्कली आणि यूसीएलए भर, बाकी कशाला, एवढा खर्च त्यासाठी केला का. निबंधात काय लिहू तेही कळत नाही, सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही. – नाव देऊ नका प्लीज

उत्तर:

पहिल्यांदा सरळ उत्तर देते म्हणजे तुझ्या डोक्यावरचं ओझं जरा कमी होईल. ते वर्ष दाखव. पूर्ण दाखव, केटीसकट, ग्राफिक्ससकट.

यूसीच्या ॲप्लिकेशनमध्ये बारावीनंतर तू जिथे जिथे शिकलास ते सगळं विचारतात, देश कुठलाही असो, कोर्स पूर्ण केला असो की अर्धवट सोडला असो, क्रेडिट हवं असो की नको असो. आणि शेवटी तू सही करतोस की दिलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे. ती सही तुझी असते, एजंटची नाही. पुढे काही निघालं तर ॲडमिशन रद्द होते, आणि हे शिकायला लागल्यावरसुद्धा होऊ शकतं. तुझा एफ वन तर त्या ॲडमिशनवरच उभा आहे, म्हणजे कॉलेज गेलं की स्टेटस गेलं. एजंट तेव्हा फोन उचलेल का याचा विचार कर. कोण बघायला जातंय हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे असं मला वाटतं, कारण नाही बघितलं तरी तू पुढची दोन-तीन वर्षं प्रत्येक ईमेल उघडताना पोटात गोळा घेऊन बसणार, आत्ताच झोप लागत नसेल तुला, पत्र वाचून तेच दिसतंय.

आता दुसरी बाजू, जी तुला कुणी सांगितलेली दिसत नाही. तू लिहिलंयस की निबंधात सांगण्यासारखं काही नाही. अरे, एम वनला केटी लागलेला मुलगा वर्षभरानंतर दुसऱ्या देशात, नवीन पद्धतीत, कॅल्क वनला ए आणतो. एम वनमध्ये काय असतं आणि कॅल्क वनमध्ये काय असतं, बराचसा भाग तोच ना? डेरिव्हेटिव्ह तेच, लिमिट तेच. मग मधे काय बदललं? तू बदललास की अभ्यासाची पद्धत बदलली की मेकॅनिकल तुला नकोच होतं आणि घरच्यांनी मार्कांवरून घ्यायला लावलं होतं? याचं खरं उत्तर हाच तुझा निबंध आहे. एजंट जे वर्ष पुसून टाकायला सांगतोय ते काढलं तर तुझ्या अर्जात उरतं काय, बारावी, मग एक रिकामी गॅप, मग चांगले मार्क. वाचणाऱ्याला काहीच कळत नाही त्यातून. ते वर्ष असलं की त्या ए ला अर्थ येतो.

यूसीच्या ट्रान्सफर अर्जात चार छोटी उत्तरं लिहायची असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. एक प्रश्न सगळ्यांना कंपल्सरी असतो, की निवडलेल्या मेजरसाठी (मुख्य विषय) तू कशी तयारी केलीस आणि पुढचे वरच्या लेव्हलचे कोर्स तुला झेपतील हे कशावरून. उरलेल्या सात प्रश्नांतले तीन निवडायचे. कंपल्सरी प्रश्नाला मुलं लहानपणी कॉम्प्युटर कसा उघडून बघितला तिथपासून सुरुवात करतात आणि २०० शब्द तिथेच संपतात. तू तसं करू नकोस. तू सी प्लस प्लसच्या क्लासमध्ये काय बनवलंस, कुठे अडकलास, मेमरीचा कुठला एरर शोधायला रात्र गेली, कॅल्कला रोज किती गणितं सोडवायला लागलास, प्रोफेसरच्या ऑफिस अवर्सला जायला लागलास का, असलं लिही. केटीबद्दल दोन-तीन वाक्यं पुरेत, रडगाणं नको आणि सफाई देणं तर अजिबात नको. मेकॅनिकल घेतलं, जमलं नाही, नापास झालो, तिथे मदत मागितली नाही, इथे मागायला शिकलो. जे खरं असेल तेवढंच. अर्जात जादा माहितीसाठी वेगळी जागा असते, त्या वर्षाचा बाकी खुलासा तिथे टाकता येतो. शिफारसपत्रं अर्जासोबत लागत नाहीत, एसएटी बघत नाहीत, त्यामुळे तुझे कोर्स, तुझे ग्रेड आणि ही चार उत्तरं यावरच बरंचसं ठरतं.

पण निबंधाच्या आधी एक काम आहे आणि ते या आठवड्यात कर. इथल्या कॉलेजला जाऊन ते राहिलेलं वर्ष रेकॉर्डवर आण. ॲडमिशन ऑफिसला ईमेल टाक किंवा काउन्सेलरसमोर बसून सरळ सांग की माझ्या फॉर्ममध्ये आधीचं एक वर्ष राहून गेलं, ते मला ॲड करायचंय, काय कागद लागतील. आपणहून सांगणाऱ्याशी ऑफिसवाले वेगळं वागतात आणि नंतर सापडलेल्याशी वेगळं. अजून एक, व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्मवर पण शिक्षणाची माहिती भरावी लागते, ती तुझ्या एजंटने काय भरली ते तुझ्याकडे कॉपी असेल तर आजच उघडून बघ. तिथेही ते वर्ष गाळलं असेल तर एखाद्या इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोल, बऱ्याच कॉलेजांत विद्यार्थ्यांना असा सल्ला फुकट किंवा कमी पैशात मिळायची सोय असते, चौकशी कर. यात माझ्यासारख्या सदर लिहिणाऱ्या बाईच्या किंवा व्हॉट्सॲप ग्रुपच्या भरवशावर राहू नकोस.

इंडियातल्या युनिव्हर्सिटीकडून ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) पण आत्ताच मागव. अर्ज भरताना यूसी ट्रान्सक्रिप्ट मागत नाही, तू स्वतः मार्क टाइप करतोस, जसे मार्कशीटवर आहेत तसे, त्याचं अमेरिकन ग्रेडमध्ये स्वतःच्या मनाने रूपांतर करायचं नाही. पण ॲडमिशन मिळाली की सगळ्या कॉलेजांचे अधिकृत ट्रान्सक्रिप्ट द्यावे लागतात आणि मग टाइप केलेलं आणि आलेलं जुळवून बघतात. तिकडचं काम कसं चालतं तुला माहीत आहे, परीक्षा विभागात कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन उभं राहावं लागतं, तू नाही तर आईबाबांपैकी कुणीतरी ऑथॉरिटी लेटर घेऊन. ऐन वेळी ते होत नाही.

म्हणजे बाबांना सांगावं लागणार. केटीचं त्यांना माहीतच असेल, पण एजंटने फॉर्मवर काय केलंय ते बहुतेक माहीत नसेल. त्यांना सांग.

आता कॅल्क टू. इथे घाई करू नकोस, आधी नीट बघ. तू एफ वनवर आहेस म्हणजे दर सेमला कमीत कमी १२ युनिट्स हवेतच. कॅल्क टू काढल्यावर १२ च्या खाली येत असशील तर डीएसओने (कॉलेजमधला, इंटरनॅशनल विद्यार्थ्यांचं स्टेटस बघणारा अधिकारी) आधी दिलेल्या परवानगीशिवाय ड्रॉपचं बटन दाबायचं नाही, नंतर जाऊन सांगितलं की झालं असं नसतं, स्टेटसच जातो. आणि त्या १२ मध्ये ऑनलाइन कोर्स एकच धरला जातो, तीन क्रेडिटपर्यंत, हे पण मोज, कारण कम्युनिटी कॉलेजात बरेच कोर्स ऑनलाइन असतात आणि मुलं सोयीचे म्हणून घेत सुटतात.

दुसरं म्हणजे कॅल्क टू हा साखळीतला कोर्स आहे. मल्टिव्हेरिएबल, लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शिअल इक्वेशन्स हे त्याच्यामागे रांगेत उभे असतात, तो एक सेम पुढे गेला की सगळे पुढे जातात आणि ट्रान्सफरच्या आधी बसत नाहीत. समरमध्ये घेता आला तर गोष्ट वेगळी. तिसरं, जे बऱ्याच जणांना उशिरा कळतं, कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत सी किंवा वर ग्रेड आला की तो कोर्स ग्रेड सुधारायला परत घेता येत नाही. आपल्याकडे कसं, इम्प्रूव्हमेंटला बसता येतं, इथे सी आला की तो सी कायमचा. डब्ल्यू, म्हणजे कोर्स मधेच सोडल्याची नोंद, जीपीएत धरत नाहीत, एखादा डब्ल्यू असला म्हणून कुणाची ॲडमिशन गेली असं होत नाही. त्यामुळे मी तुझ्या जागी असते तर असं केलं असतं, विथड्रॉवलची तारीख कॅलेंडरवर बघायची, त्याच्या दोन आठवडे आधी प्रोफेसरकडे जायचं, आत्तापर्यंतच्या टेस्ट समोर ठेवून विचारायचं की मला बी मिळायची शक्यता खरंच आहे का. हो म्हणाले तर ट्यूटरिंग सेंटर धर, ते तुझ्याच फीमधून चालतं, आणि दात-ओठ खाऊन पूर्ण कर. नाही म्हणाले तर आधी डीएसओ, मग समरची सीट, मग डब्ल्यू, याच क्रमाने. नुसतं जड जातंय म्हणून सोडू नको. इंटिग्रेशनच्या टेक्निक्स आणि सिरीज सगळ्यांनाच जड जातात.

आता बर्कली-यूसीएलएचं. बाबांचं म्हणणं मला समजतं, घरातून पैसा काढून पाठवला की माणसाला नावाचं कॉलेज हवं असतं, त्यात गैर काही नाही. पण फक्त ती दोन भरणं हा शुद्ध जुगार आहे. कॉम्प्युटर सायन्सला या दोन्ही ठिकाणी ट्रान्सफरच्या जागा फार कमी आहेत आणि ३.९-४.० वाले अर्ज करतात. यूसी स्वतः त्यांच्या साइटवर मेजरप्रमाणे ट्रान्सफरचे आकडे देते, किती जणांनी अर्ज केला, किती जणांना घेतलं, त्यांचे जीपीए कुठून कुठपर्यंत. तो तक्ता व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून बाबांना दाखव. तू समजावण्यापेक्षा तो तक्ता जास्त समजावेल.

आणि टॅगबद्दल तुझ्या पत्रात एक शब्द नाही याचं मला आश्चर्य वाटलं, एजंटने सांगितलंच नाही वाटतं. टॅग म्हणजे कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना मिळणारी ॲडमिशनची लेखी हमी. यूसीचे सहा कॅम्पस देतात, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो देत नाहीत. टॅग एकाच कॅम्पसला टाकता येतो, पण तो टाकला म्हणून बाकीचे बंद होत नाहीत, नोव्हेंबरच्या अर्जात बर्कली-यूसीएलए भरच की. इंटरनॅशनल विद्यार्थ्यांनाही मिळतो. फक्त प्रत्येक मेजरला नसतो, आणि नेमकं कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनीअरिंग बऱ्याच ठिकाणी वगळलेलं असतं, सँटा बार्बराच्या इंजिनीअरिंग कॉलेजला तर नाहीच. अटी दरवर्षी थोड्या बदलतात, जीपीएची अट पण कॅम्पस आणि मेजरप्रमाणे वेगळी, म्हणून यूसीने काढलेला त्या वर्षीचा टॅग मॅट्रिक्स (अटींचा तक्ता) समोर घेऊन काउन्सेलरबरोबर बस. सीएसला नसेल तर मॅथ्स, स्टॅटिस्टिक्स किंवा तत्सम मेजरने टॅग टाकायचा का याचा विचार कर, पण आत गेल्यावर बदलून घेऊ या आशेवर नाही, कारण नंतर सीएसमध्ये जायला बहुतेक कॅम्पसवर देत नाहीत किंवा फार अवघड करून ठेवलंय. ते मेजर घेऊन डिग्री झाली तरी चालेल अशी मनाची तयारी असेल तरच टाक.

कोर्स कुठले घ्यायचे हे मित्रांना विचारू नकोस, असिस्ट डॉट ऑर्ग उघड. तिथे तुझं कॉलेज, हवा तो कॅम्पस आणि मेजर टाकलंस की दोन कॉलम येतात, डावीकडे युनिव्हर्सिटीचा कोर्स, उजवीकडे त्याच्या बदल्यात तुझ्या कॉलेजचा कुठला चालतो तो. आता नीट वाचायचं. एका डाव्या कोर्ससमोर उजवीकडे कधी दोन कोर्स असतात आणि मधे बारीक अक्षरात अँड लिहिलेलं असतं, म्हणजे दोन्ही हवेत, एक करून उपयोग नाही. ऑर असेल तर कुठलाही एक. आणि कधी समोर नो कोर्स आर्टिक्युलेटेड असं येतं, म्हणजे तुझ्या कॉलेजात त्याला पर्यायच नाही, मग शेजारच्या दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजात तो मिळतो का बघायचं, सीएसच्या डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट वगैरे कोर्सना हे बऱ्याचदा होतं. बर्कलीला लागणारे आणि अर्व्हाइनला लागणारे कोर्स सारखे नसतात. चार-पाच कॅम्पसची पानं शेजारी ठेवून सगळीकडे लागणारे कोर्स आधी घे, एकाच ठिकाणी लागणारे शेवटी. काउन्सेलरकडे जाताना हे करून जा, रिकाम्या हाताने गेलास तर अर्ध्या तासात जनरल एज्युकेशनची एक छापील यादी हातात देऊन पाठवतील. सीएससारख्या मेजरला जनरलची सगळी यादी संपवण्यापेक्षा मेजरचे कोर्स पूर्ण असणं जास्त महत्त्वाचं, हे लक्षात ठेव. फक्त इंग्लिशचे दोन, मॅथ्सचा एक आणि कला, समाजशास्त्रं, विज्ञान यांपैकी किमान दोन गटांतले मिळून चार, एवढे सात तर कंपल्सरीच आहेत.

तारखा सांगते. टॅग १ ते ३० सप्टेंबर. मुख्य अर्ज ऑगस्टपासून भरता येतो, सबमिट १ ऑक्टोबरपासून करता येतो, साधारण नोव्हेंबरअखेर बंद, नक्की दिवस त्या वर्षीचा बघ. अर्जाची फी प्रत्येक कॅम्पससाठी वेगळी भरायची. जानेवारीत ट्रान्सफर ॲकॅडेमिक अपडेट भरायचं असतं, त्यात फॉल सेमचे ग्रेड आणि स्प्रिंग सेमचे कोर्स टाकायचे, मुलं अर्ज सबमिट केला की विसरतात आणि हेच राहून जातं. ट्रान्सफरच्या आधीच्या स्प्रिंगच्या शेवटी ६० ट्रान्सफरेबल सेमिस्टर युनिट्स पूर्ण हवेत. तुझं समर आणि दोन सेम हातात आहेत, जमेल. बॅकअप म्हणून सीएसयूचे (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) एक-दोन कॅम्पस भर, सॅन होजे स्टेटमधून शिकलेली कितीतरी मुलं तिथेच आजूबाजूच्या कंपन्यांत लागलेली आहेत, आणि फी पण कमी पडते.

फीवरून आठवलं. यूसीत बाहेरच्या विद्यार्थ्यांना नेहमीच्या ट्यूशनवर वेगळी नॉन-रेसिडेंट ट्यूशन असते, तीच वर्षाला ३० हजार डॉलरच्या वर जाते, शिवाय राहणं-खाणं. कम्युनिटी कॉलेजच्या खर्चावरून अंदाज बांधला असेल घरी तर तो फारच कमी पडेल, आणि इंटरनॅशनलला आर्थिक मदत जवळजवळ नाही. नवीन आय-२० साठी (कॉलेज देतं तो एफ वनचा कागद) बँकेत तेवढे पैसे परत दाखवावे लागतात. दोन वर्षांचा एकूण आकडा काढून बाबांशी आत्ता बोल, एप्रिलमध्ये ऑफर हातात आल्यावर नाही.

ॲडमिशन मिळाल्यावरचं एक काम राहिलं, सेव्हिस रेकॉर्ड ट्रान्सफर, म्हणजे सरकारी सिस्टीममधली तुझी विद्यार्थी म्हणूनची नोंद नवीन कॉलेजकडे पाठवणं. जुन्या कॉलेजच्या डीएसओला नवीन कॉलेजचं लेटर द्यायचं आणि रिलीज डेट ठरवायची, कॉलेज संपल्यापासून ६० दिवसांच्या आत. सगळ्या ठिकाणचे निकाल हातात येऊन नक्की कुठे जायचं ते ठरेपर्यंत रिलीज करू नकोस, कारण ती तारीख उलटली की रेकॉर्ड नवीन कॉलेजच्या हातात जातं. व्हिसाची मुदत शिल्लक असेल तर त्यावर जुन्या कॉलेजचं नाव असलं तरी चालतो. मधे घरी येणार असशील तर परत शिरताना आय-२० मात्र नवीन कॉलेजचा हवा.

एजंटला आता यातून बाजूला कर. यूसीचा अर्ज मुलांनी स्वतः भरायचा असतो, तुझ्या अकाउंटचा पासवर्ड त्याच्याकडे असेल तर आज बदल. कॉलेजात ट्रान्सफर सेंटर असतं, यूसीच्या कॅम्पसचे लोक अधूनमधून तिथे येऊन बसतात, त्यांची वेळ घे आणि मार्कशीट घेऊन जा. कॅल्क टूचं प्रोफेसर काय म्हणाले ते मला कळव, त्यावरून समरचं काय ते बघू.